झारा : महागात शिवून घेऊनही नफा कसा?

आडवातिडवा

फास्ट फॅशनचा (चालू फॅशनचे कपडे झटपट आणि स्वस्तात विकायच्या धंद्याचा) विषय निघाला की "स्वस्त मजुरीवर चाललेला धंदा" एवढं म्हणून लोक मोकळे होतात. मजुरी स्वस्त आहे हे खरंच. पण ती सगळ्यांनाच स्वस्त आहे की! त्याच चार-पाच देशांतून माल उचलणाऱ्या कंपन्यांपैकी एखादी गब्बर होते आणि एखादी दिवाळं काढते (फॉरेव्हर ट्वेंटीवनने २०१९ मध्ये काढलं, अमेरिकेतल्या दुकानांपुरतं २०२५ मध्ये पुन्हा), तेव्हा फरक मजुरीत नसणार.

झारा या कपड्यांच्या ब्रँडचा हिशेब तर उलटाच दिसतो. तिची मालक कंपनी इंडिटेक्स, मुख्यालय स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसियातल्या आर्तेशो इथे. तिचे निम्म्याच्या आसपास पुरवठादार स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को आणि तुर्कस्तानात आहेत. यातल्या कुठेही शिलाई बांगलादेशाइतकी स्वस्त पडत नाही. तरीही २०२४ च्या आर्थिक वर्षात इंडिटेक्सची विक्री ३८.६ अब्ज युरो आणि निव्वळ नफा ५.९ अब्ज. विक्रीच्या प्रमाणात कार्यकारी नफा (व्याज आणि कर जाण्याआधीचा) २० टक्क्यांच्या जवळ. स्वीडनच्या एचअँडएमचा त्या वर्षीचा आकडा ७.४ टक्के. एचअँडएमचा स्वतःचा कारखाना नाही, माल सगळा बाहेरून आणि बहुतेक आशियातून.

माझं मत असं की ती जादा मजुरी म्हणजे निर्णय उशिरा घेता यावा म्हणून भरलेली फी आहे.

कपड्याच्या धंद्यात जुनी रीत म्हणजे हंगामाच्या सहा-नऊ महिने आधी ऑर्डरी द्यायच्या. पुढच्या हिवाळ्यात मोहरी रंग चालेल की बाटली हिरवा, हे आत्ता उन्हाळ्यात ठरवायचं. ऑपरेशन्स रिसर्चवाले (धंद्यातले निर्णय गणिताने सोडवणारे) याला वर्तमानपत्रवाल्याचा प्रश्न म्हणतात : पहाटे अंक किती उचलायचे? कमी उचलले तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. अंदाज कितीही हुशारीने बांधा, सहा महिने आधी बांधला की चुकतोच. आणि त्या चुकीचं बिल येतं सेलमध्ये.

आकडे मांडून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते. ३० युरोचा एक टॉप, नग १०००.

पहिला व्यापारी लांबून ७ युरोला घेतो. ६०० नग पूर्ण किमतीला जातात, ३०० निम्म्या किमतीला, १०० पाच युरोला. जमा २३,०००, खरेदी ७,०००, उरले १६,०००.

दुसरा जवळून ९ युरोला घेतो, पण थोडे थोडे आणि काय खपतंय ते बघून. ८५० पूर्ण किमतीला, १५० निम्म्या किमतीला. जमा २७,७५०, खरेदी ९,०००, उरले १८,७५०.

नगामागे दोन युरो जास्त देऊनही दुसरा २,७५० युरोंनी पुढे. त्याने ११ युरो दिले असते तरी तो पुढेच राहिला असता.

आकडे माझे असले तरी दिशा हवेतून घेतलेली नाही. २००४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत झारावर आलेल्या लेखात म्हटलं होतं की छापील किमतीच्या सरासरी ८५ टक्के रक्कम झाराच्या पदरात पडते, आणि बाकी धंद्यात ६० ते ७०. न खपलेला माल झाराकडे १० टक्क्यांहून कमी, इतरांकडे १७ ते २०.

संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा हे रेल्वे कामगाराचे चिरंजीव. पोरवयात आ कोरुन्यात शर्टाच्या दुकानात नोकरीला लागले, १९६३ मध्ये घरात घालायचे गाऊन शिवायचा कारखाना काढला आणि १९७५ मध्ये पहिलं झारा उघडलं. एका जर्मन घाऊक व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर रद्द केली, तो पडून राहिलेला माल खपवायला दुकान थाटलं, असं सांगितलं जातं. कथा शंभर टक्के खरी असो वा नसो, मालाच्या गठ्ठ्यांची धास्ती घेतलेला माणूस पुढे असाच धंदा उभारणार.

जाणकारांनी भर घालावी. काथ्याकूट चालेल, आदळआपट नको.

खवचट_खवीस

म्हणजे फॅशन कंपनीचं गुपित काय, तर "आम्हाला फॅशनमधलं काही कळत नाही, लोक काय घेतात ते बघतो आणि तेच शिवतो". माझ्या साहेबांना हा धागा छापून देतो. ;)

सुईदोरा

धागा छान. मी बरीच वर्षं तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर (परदेशी बायर आणि कारखाना यांच्यातला दुवा) होते, त्यामुळे हे सहा महिने नेमके कुठे जातात ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं शिवण्यात जातात. शिवायला कितीसा वेळ लागतो! साधा टॉप लाईनवर चढला की मिनिटांचा खेळ. वेळ जातो तो होकाराची वाट बघण्यात.

लॅब डिपचंच घ्या. बायरचा डिझायनर एक रंगाचा तुकडा पाठवतो. डाईंगवाला त्या रंगाच्या तीन छटा कापडाच्या बोटभर तुकड्यांवर काढतो, ए, बी, सी. ते कार्डावर चिकटवून कुरिअरने परदेशी. तिथे कुणीतरी ते प्रकाशपेटीत ठेवून दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या दिव्यात असे दोन्ही बघणार. मग मेल येतो, "बी जवळ आहे, पण थोडा लालसर वाटतो, परत पाठवा." की पुन्हा डाईंग, पुन्हा कुरिअर. रंग पास झाला की मग प्रिंट, मग फिट सॅम्पल, मग साईझ सेट, मग पीपी सॅम्पल (उत्पादन सुरू करण्याआधीचा नमुना). प्रत्येक टप्प्यावर हेच. डिझायनर रजेवर गेली तर आठवडा गेला. बटण मंजूर नाही म्हणून कापून ठेवलेला माल नुसता पडून राहिलेला मी पाहिला आहे.

झाराने हा सगळा कुरिअरचा भागच कापून टाकला. आर्तेशोत एका मोठ्या दालनात डिझायनर, कापड आणि कारखाने बघणारे, आणि एकेका देशाच्या दुकानांशी रोज बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. पॅटर्न तिथेच, नमुना तिथेच शिवून होतो. "हा रंग चालेल का" हे विचारायला मान वळवली की झालं.

दुसरी गोष्ट कापडाची. निम्म्याच्या आसपास कापड ते ग्रे अवस्थेत, म्हणजे विणलेलं पण न रंगवलेलं, घेऊन ठेवत. रंग कुठला हा निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो. ज्याने डाईंगची रांग पाहिली आहे त्यालाच याची किंमत कळेल.

तिसरी, कापणी स्वतःकडे आणि शिवण बाहेर. कापणीला यंत्रं आणि भांडवल लागतं, पण कापडाची नासाडी आणि मापाचा बिघाड तिथेच होतो, म्हणून ती हातात ठेवली. शिवणाला हात लागतात, ते गालिसिया आणि उत्तर पोर्तुगालातल्या छोट्या शिवणघरांना दिलं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे जायचे, शिवून परत यायचे, मग इस्त्री, तपासणी, किमतीचं लेबल, हँगर. दुकानात खोकं फोडलं की कपडा थेट रॉडवर. घडी उलगडून इस्त्री करण्यात दुकानाचा वेळ जात नाही.

नव्वदच्या दशकात टोयोटाची माणसं त्यांना सल्ला द्यायला आली होती. जस्ट इन टाइमची, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढंच बनवायची, सवय तिथून पक्की झाली.

हिशोबी

सुईदोराताई, जबरदस्त प्रतिसाद. असं लिहिणारं कुणी असलं की धागा वर ठेवावासा वाटतो.

धागाकर्त्याच्या गणितात एक भर. त्यात जाहिरातीचा खर्च धरलेला नाही. त्याच लेखानुसार झाराचा जाहिरातखर्च विक्रीच्या ०.३ टक्के होता, इतरांचा ३ ते ४. वाचलेला पैसा जागेत घालतात. मोक्याच्या रस्त्यावरचं मोठं दुकान हीच जाहिरात. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची दुकानाची जागा ३२.४ कोटी डॉलरला विकत घेतली ती याच हिशेबाने.

आणि टंचाई! आठवड्यातून दोनदा नवा माल येतो, थोडाच येतो आणि गेलेला बहुधा परत येत नाही. गिऱ्हाईक दोन गोष्टी शिकतं : आवडलं तर आत्ताच घे, आणि अधूनमधून चक्कर मार. सरासरी गिऱ्हाईक इतर दुकानांत वर्षातून तीन-चारदा जायचं तेव्हा झारात १७ वेळा जायचं. सेलची वाट बघत बसायची सवय इतर कंपन्यांनी स्वतःच आपल्या गिऱ्हाइकाला लावली आणि मग तीच त्यांना भोवली.

शिवाय रोकड. माल खपून पैसे गल्ल्यात येतात, पुरवठादाराचं बिल त्यानंतर चुकतं होतं. जेवढा माल वेगाने फिरतो तेवढा दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात. २०२४ च्या आर्थिक वर्षाअखेर इंडिटेक्सकडे कर्ज वजा जाता ११ अब्ज युरोंहून जास्त रोकड होती. दुकानदाराकडे!

निळी_शाई

एक शंका. "काय खपतंय ते बघून" हे वाक्य सगळे सहज म्हणतात. पण बघतात कसं? पन्नासावर देश, हजारो दुकानं, दर आठवड्याला नवे नमुने. जो कपडा संपला तो विक्रीच्या आकड्यांत दिसतच नाही. शून्य विक्री म्हणजे कुणी घेतला नाही की उरलाच नव्हता?

गणंग

नेमका प्रश्न. याचं उत्तर झाराला बरीच वर्षं माणसांवर सोडावं लागत होतं. प्रत्येक दुकानाच्या मॅनेजरकडे आठवड्यातून दोनदा उपलब्ध मालाची यादी जायची, त्याने प्रत्येक मापाचे किती नग हवेत ते भरून पाठवायचं, मग गोदामातली टीम वाटप करायची.

आता मॅनेजरच्या जागी स्वतःला ठेवा. पगाराचा भाग विक्रीवर अवलंबून. तो काळा ड्रेस सगळ्यांनाच हवा आहे आणि गोदामात कमी आहे हे कळतं. तुम्ही दहाच्या जागी पंचवीस मागणार. शेजारच्या शहरातलाही तेच करणार. मग गोदामवाला कुणाचा आकडा खरा धरणार?

इंडिटेक्सने फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन या दोन संशोधकांबरोबर यावर काम केलं. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. झाराच्या दुकानांत एक रीत होती : एखाद्या कपड्याची मुख्य मापं, म्हणजे एम वगैरे, संपली की उरलेले एक्सएस आणि एक्सएल सुद्धा रॉडवरून काढून मागच्या खोलीत न्यायचे. गिऱ्हाइकाने कपडा उचलावा, माप मिळू नये आणि तोंड वाकडं करून जावं, त्यापेक्षा तो दिसूच नये. शिवाय ती जागा ताज्या मालाला मिळते.

या रीतीचा परिणाम वाटपावर होतो. ज्या दुकानात एम संपलाय तिथे नुसते एक्सएल पाठवून उपयोग नाही, ते मागेच पडून राहणार. आणि गोदामात एमचे शेवटचे चार नग असतील तर ते अशा दुकानात पाठवायचे जिथे बाकीची मापं अडकून पडली आहेत, म्हणजे अख्खा सेट पुन्हा रॉडवर येईल. हे डोक्याने हजारो दुकानांसाठी होत नाही. म्हणून गणिती मॉडेल केलं, मॅनेजरची मागणी त्यात एक माहिती म्हणून घेतली, हुकूम म्हणून नाही. प्रत्यक्ष चाचणीत विक्री ३ ते ४ टक्क्यांनी वाढली. कपडे तेच, दुकानं तीच. अब्जावधींच्या विक्रीवर ३ टक्के म्हणजे काय ते हिशोबींनी सांगावं.

पुढे कपड्यांवर आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी) आली, २०१४ पासून. मग "उरलाच नव्हता" आणि "घेतला नाही" यातला फरक थेट कळायला लागला, आणि ऑनलाइन ऑर्डर दुकानातल्या मालातून भागवता यायला लागली.

आडवातिडवा

गणंगराव, वाखुसा (वाचनखूण साठवली)! मॅनेजर आकडा फुगवतो हे वाचून हसू आलं. बजेटची बैठक असो की कपड्याचं दुकान, माणूस तोच.

उभा_धागा

सगळं ठीक, पण झाराला इतकं डोक्यावर घेऊ नका. निर्णय लांबवायची ही कल्पना तिची नाही. इटलीची बेनेटन आधी पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणून ठेवायची आणि हंगामात जो रंग चालेल त्यात अख्खा स्वेटर बुडवायची. झाराचं पहिलं दुकान निघालं त्या सुमाराचीच ही गोष्ट. बेनेटनचं पुढे काय झालं ते दिसतंच आहे. रंग लांबवला, पण आकार आधीच ठरलेला. लोकांना दुसरीच कॉलर हवी झाली की पंचाईत.

आणि युनिक्लो बघा. जपानी, पूर्ण उलटा मार्ग. नमुने मोजके, वर्षानुवर्षं तेच, ऑर्डरी प्रचंड. तोरे या धागे-कापड बनवणाऱ्या कंपनीबरोबर मिळून हीटटेकसारखं गरम कापड बनवलं. त्यांना पुढच्या हिवाळ्यात काय चालेल याचा अंदाज बांधावाच लागत नाही, कारण थंडीत गरम बनियन चालणारच. तेव्हा "वेग = यश" असं समीकरण मांडू नये.

आडवातिडवा

वेग हेच यश असं मी म्हटलेलंच नाही. :) युनिक्लोने अनिश्चितता नसलेला माल निवडला, झाराने असलेला निवडला आणि तिच्याशी जुळवून घेणारी यंत्रणा बांधली. अडचण मधल्यांची. माल फॅशनचा, पण ऑर्डरी युनिक्लोसारख्या लांबच्या. २०१८ च्या सुरुवातीला एचअँडएमकडे ४.३ अब्ज डॉलरचा न खपलेला माल साचल्याची बातमी होती, ती आठवा.

शिवाय झाराही सगळं जवळून घेत नाही. साधे टीशर्ट, ज्यांची मागणी ठरलेली असते, ते आशियातूनच येतात. जिथे चूक होण्याची शक्यता जास्त, तिथेच जादा पैसे मोजायचे. वेडी नाहीत ती माणसं.

कोपरखळी

इतका वेळ वाचतेय. सगळं कौतुक पुरवठा साखळीचं. त्या साखळीत टोकाला कोण बसलंय त्याबद्दल सुईदोराताईंच्या प्रतिसादात "शिवणाला हात लागतात" एवढंच आलं.

२०११ मध्ये ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांना साओ पाउलोत झारासाठी माल शिवणाऱ्या उपकंत्राटदाराकडे गुलामीसारख्या अवस्थेत राबणारे कामगार सापडले. तुर्कस्तानातला ब्राव्हो नावाचा कारखाना २०१६ मध्ये मालकाने रातोरात बंद केला, पगार बुडवला. पुढच्या वर्षी तिथल्या कामगारांनी इस्तंबूलच्या झारा दुकानांतल्या कपड्यांच्या खिशात चिठ्ठ्या ठेवल्या : हा कपडा आम्ही शिवला, पण आम्हाला त्याचे पैसे मिळाले नाहीत. आणि दोन्ही ठिकाणं जवळच्या किंवा तुलनेने महाग पुरवठ्याची, लांबच्या स्वस्त देशांतली नव्हेत.

तुमचं मॉडेल चालतं कारण चढउतार कुणीतरी अंगावर घेतं. कंपनी निर्णय लांबवते म्हणजे शिवणघराला कळतच नाही पुढच्या आठवड्यात काम आहे की नाही. अनिश्चितता नाहीशी झाली नाही, फक्त खालच्या माणसाकडे सरकली.

सुईदोरा

कोपरखळी, मुद्दा मान्यच आहे, त्यात वाद नाही. कारखान्याच्या बाजूने हे रोज पाहिलं आहे. आमच्या एका मोठ्या बायरने प्रिंट पास करायला तीन आठवडे लावले, पण जहाज सुटायची तारीख एक दिवसही हलवली नाही. मग विमानाने पाठवा, आणि भाडं कारखान्याच्या माथी. त्या स्टाईलमधला सगळा नफा विमानात गेला. ते तीन आठवडे भरून काढायला लाईनवरच्या बायका रात्री उशिरापर्यंत बसल्या. बायरच्या अहवालात याला "लवचिक पुरवठा" म्हणत असतील.

मात्र एक फरक नोंदवते. छोट्या ऑर्डरी आणि शेवटच्या क्षणाचे बदल आमच्याकडेही यायचे, पण जुन्याच भावात. झारासारख्या पद्धतीत लवचिकतेचे पैसे कुणाला तरी द्यावे लागतात हे निदान गृहीत आहे. ते शिवणाऱ्यापर्यंत पोचतात का, हा वेगळा आणि खरा प्रश्न.

२०१३ मध्ये बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशात इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला, त्यावर इंडिटेक्स आणि एचअँडएम दोघांनी सह्या केल्या. जिने, आगीचे दरवाजे, वायरिंग यात खरोखर फरक पडला. भाव मात्र फार हलला नाही.

खवचट_खवीस

कोपरखळींना +१. आणि "कमी माल उरतो" म्हणून पर्यावरणाला चांगलं, असंही कुणी म्हणायच्या आत सांगतो : १७ वेळा दुकानात जाणारा माणूस घरी काय घेऊन जातो? उरलेला माल दुकानात राहिला नाही, कपाटात गेला. तिथून घानातल्या अक्राच्या कांतामांतो या जुन्या कपड्यांच्या बाजारात नाहीतर चिलीच्या अटाकामा वाळवंटात.

हिशोबी

खवीस, कपाटातल्या मालावर कायदा करता येत नाही, पण दुकानातल्यावर येतो. युरोपियन युनियनने न खपलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी घातली आहे. याचा व्यापारी अर्थ असा की जास्तीचा माल आता आणखी महाग. ज्याचा अंदाज चुकतो त्याला दंड वाढला. झाराच्या पथ्यावर पडणारा कायदा आहे हा, हवं तर इनो घ्या.

उत्तररात्र

उशिरा येतोय, पण शीइन या चीनमधून ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीचं नाव इतक्या उशिरापर्यंत न यावं याचं आश्चर्य वाटलं. धागाकर्त्याचा तर्क पुढे नेला तर तो थेट शीइनवर पोचतो.

झारा एका नमुन्याचे काही हजार नग काढून बघते. शीइन १०० ते २०० नगांपासून सुरुवात करते. अॅपवर फोटो टाकायचा, लोक किती वेळ थांबतात, टोपलीत टाकतात का ते बघायचं, चाललं तरच पुढची ऑर्डर. शिवणारे ग्वांगजौच्या आसपासचे छोटे कारखाने, संगणकाने कंपनीला जोडलेले. दुकान नाही, भाडं नाही. रोज हजारो नवे नमुने. म्हणजे वर्तमानपत्रवाल्याने आधी गिऱ्हाइकाला मथळा दाखवायचा, हो म्हटलं की मग अंक छापायचा.

आणि माल थेट चीनमधून गिऱ्हाइकाच्या दारात. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर आयातकर नव्हता, त्यामुळे हे जमत होतं. २ मे २०२५ पासून चिनी मालासाठी ती सवलत गेली, ऑगस्टअखेर सगळ्याच देशांसाठी. तेव्हा कुठे कळलं की त्या स्वस्ताईत किती वाटा यंत्रणेचा होता आणि किती करसवलतीचा.

गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये शीइनने पॅरिसच्या बीएचव्ही या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. बाहेर निदर्शनं, आत रांगा. पार्सलचं गणित बिघडायला लागल्यावर शेवटी दुकानच आठवलं.

उभा_धागा

मग झाराने शीइनच्या मागे धावायला हवं होतं. तसं झालेलं दिसत नाही.

उत्तररात्र

नाहीच धावली, आणि मला तिची सगळ्यात शहाणी चाल हीच वाटते. स्वस्ताईत शीइनला हरवता येत नाही हे ओळखून ती बाजूला, थोडी वर सरकली. जानेवारी २०२० अखेर इंडिटेक्सची ७४६९ दुकानं होती, पाच वर्षांनी ५५६३. त्याच काळात विक्री २८.३ अब्जांवरून ३८.६ अब्ज युरोंवर. छोटी दुकानं बंद केली, त्यांच्या जवळची मोठी केली. ओर्तेगांची कन्या मार्ता २०२२ पासून अध्यक्ष आहेत, तेव्हापासून फोटो, कापड, दुकानांची सजावट सगळं जरा उंची दिसायला लागलंय. युरोपात काही ठिकाणी ऑनलाइन मागवलेला कपडा परत पाठवायचे पैसे घेतात. गिऱ्हाइकाने फुकटात पाच कपडे मागवून चार परत करावेत हा लाडही बंद. खालच्या किमतीसाठी लेफ्टीज नावाची वेगळी शाखा आहे. ती मुळात झाराचा उरलेला माल विकायला काढलेली, आता स्वतःचा माल काढते.

कोविडचीही एक आठवण. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या तिमाहीत ४०.९ कोटी युरोंचा तोटा झाला, शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला. जगभर दुकानं बंद, पण त्यांच्याकडचा माल आदल्या वर्षापेक्षा १० टक्क्यांनी कमी होता. दुकानं बंद असताना साठा घटवून दाखवणं हा या पद्धतीचा खरा पेपर होता, आणि तो त्यांनी सोडवला.

निळी_शाई

२००४ च्या लेखातले आकडे सगळे वापरताहेत. त्याला वीस वर्षं होऊन गेली. आज ही यंत्रणा तेवढीच चालते, हे घरबसल्या तपासायचं कसं?

हिशोबी

वार्षिक अहवाल उघडा. दोन आकडे लागतात : वर्षअखेरचा साठा आणि वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत.

इंडिटेक्स २०२४ : विक्री ३८.६ अब्ज, ढोबळ नफा ५७.८ टक्के, म्हणजे मालाची किंमत साधारण १६.३ अब्ज. साठा सुमारे ३.३ अब्ज. भागाकार केला की जेमतेम ७५ दिवसांचा माल, अडीच महिने.

एचअँडएम २०२४ : विक्री सुमारे २३४ अब्ज क्रोना, ढोबळ नफा ५३ टक्क्यांच्या वर, मालाची किंमत साधारण १०९ अब्ज. साठा ४० अब्ज. म्हणजे १३४ दिवस, चार महिन्यांहून जास्त.

गणंग

हिशोबी, तुलना चांगली आहे पण तारखा बघा. इंडिटेक्सचं वर्ष ३१ जानेवारीला संपतं, हिवाळी सेलमध्ये झाडझूड झाल्यावर. एचअँडएमचं ३० नोव्हेंबरला, नाताळासाठी गोदामं भरलेली असताना. ७५ आणि १३४ मधला काही भाग नुसता कॅलेंडरचा आहे. एचअँडएमचा फेब्रुवारीअखेरचा आणि इंडिटेक्सचा ऑक्टोबरअखेरचा तिमाही आकडा घेऊन दोन्ही बाजूंनी तपासा.

हिशोबी

रास्त. इंडिटेक्स ऑक्टोबरअखेर साठा जाहीर करते, तो जानेवारीपेक्षा नेहमीच बराच जास्त असतो. शेवटच्या पाच वर्षांचे दोघांचे तिमाही आकडे तक्त्यात घालतो आणि इथेच टाकतो. सुईदोराताई, तोवर तुम्ही ते ग्रे कापडाचं जरा विस्ताराने लिहा ना. कापड साठ्यात धरतात की नाही, यावरही हे दिवस बदलतील.

सुईदोरा

धरतात, कच्चा माल म्हणून. पण पुरवठादाराच्या गोदामात पडलेलं, फक्त बोली लावून ठेवलेलं कापड कंपनीच्या साठ्यात दिसत नाही, आणि खरी लवचिकता बरेचदा तिथेच असते. उद्या लिहिते.